ढोलीतले बेचाळीस फोन

भोजराज गजभिये सरांच्या दारावरच्या पितळी पाटीचं पहिलं अक्षर काळ्या चिकटपट्टीखाली झाकलेलं होतं, आणि ते कोणतं हे आंबेटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी सरांचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालं. त्याच आठवड्यात सर गोंदियाला गेले आणि 'डॉ. भोजराज गजभिये' अशी पाटी करून घेऊन आले. "लग्नाआधी बारसं कायले?" असं त्यांच्या पत्नी रश्मीताई म्हणाल्या, तेव्हा सरांनी पाटी तर ठोकली, पण 'डॉ.'वर वायरमन वापरतात ती काळी पट्टी चिकटवली. दर उन्हाळ्यात तिचा डिंक सुटायचा, 'डॉ.' उघडा पडायचा आणि कुणीतरी पोट धरून ओसरीवर येऊन बसायचं. शेजारचा शेतकरी केवलराम पटले हा तर पट्टी असो वा नसो, सरांना 'डाक्टर'च म्हणे. "डाक्टर, गाय वैरण खाऊन नाही राहिली, पाहता का जरा?" सर हसण्यावारी नेत. पण आठ वर्षं एकच विनोद हसण्यावारी नेणं ही काही खायची गोष्ट नाही.

सरांच्या प्रबंधाचा विषय होता 'बारावीच्या विद्यार्थ्यांमधील आत्मसंयम व व्यक्तिमत्त्व यांचा समाजमाध्यमांच्या व्यसनाशी असलेला सहसंबंध'. आठ वर्षांत विद्यार्थ्यांची समाजमाध्यमं दोनदा बदलली, विद्यार्थी आठदा बदलले, प्रबंध तेवढा जागचा हलला नाही. यंदा दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या मार्गदर्शक बाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "गजभिये, नुसत्या प्रश्नावल्या भरून आणू नका. प्रयोग करा. नोव्हेंबरअखेर अहवाल पोर्टलवर चढला नाही, तर रजिस्ट्रेशन रद्द. मग माझ्या हातात काही नाही."

रद्द! म्हणजे पाटीवरची पट्टी कायमची. सर त्या दिवशी नागपूरहून परत आले ते निश्चय करूनच. आणि निश्चय केलेला मास्तर ही काय चीज असते, हे ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल.

प्रयोग असा: बारावीच्या एकेचाळीस मुलामुलींकडून तीन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. एक संयमाची, एक स्वभावाची, एक व्यसनाची. मग एकवीस दिवस त्यांचे फोन काढून घ्यायचे आणि शेवटी त्याच प्रश्नावल्या पुन्हा भरून घ्यायच्या. दिवस एकवीसच का, वीस का नाहीत, असं विचारू नये. शास्त्रात काही गोष्टी असतातच. सरांनी अकरा नोव्हेंबरपासून बोटांवर मोजलं आणि एकविसावा दिवस बरोबर महिन्याच्या शेवटच्या तारखेला येतो हे पाहून त्यांना मोठंच समाधान वाटलं.

पहिला अडथळा प्रश्नावल्यांनीच घातला. भरून आलेले कागद सरांनी तपासले, तर एकेचाळीसही विद्यार्थ्यांचा स्वभाव हुबेहूब एक निघाला. सगळे मितभाषी, सगळे कष्टाळू, सगळ्यांना अनोळखी माणसांत अवघडल्यासारखं होतं. चौकशीअंती कळलं की केवलरामची दुर्गेश्वरी पहिल्या बाकावर बसते, तिचं अक्षर मोठं आहे, आणि वर्गानं तिचा स्वभाव मागपर्यंत उतरवून घेतला आहे. "अरे, स्वभावाची कॉपी करता?" सर ओरडले. त्यावर मागच्या बाकावरचा ओमेश शांतपणे म्हणाला, "सर, तिचं बरोबर राहते दरवेळेस." दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानात दहा-दहा फुटांवर बसवून एकेकाचा स्वभाव पुन्हा भरून घेतला. त्यातल्या एका प्रश्नाशी ते स्वतःच अडले होते. 'मी हाती घेतलेले काम तडीस नेतो.' सहज म्हणून एक कोरा कागद स्वतःसाठी भरायला घेतला, आणि त्या ओळीपुढे बराच वेळ पेन धरून शेवटी 'सांगता येत नाही' वर खूण करून तो कागद कपाटात टाकून दिला.

आता फोन ठेवायचे कुठे? सर प्राचार्य केशोराव बिसेनांकडे गेले. केशोराव हा मोठा सावध गृहस्थ. कॉलेजात साप निघाला तरी आधी आवक नोंद करा म्हणणारा. ते म्हणाले, "गजभिये सर, प्रयोग उत्तमच आहे. पण एक्केचाळीस फोन माझ्या कपाटात? एखाद्याची काच तडकली तर? लेखी अर्ज द्या तीन प्रतींत, मी वर पाठवतो. वरून उत्तर आलं की पाहू." वरून उत्तर येईपर्यंत ही मुलं आजोबा झाली असती. सरांनी नमस्कार केला आणि घरी आले.

तोडगा काढला केवलरामनं. कुंपणापलीकडून सगळं ऐकणं हा त्याचा जुनाच रिवाज. "डाक्टर, तुमची ढोली रिकामीच आहे न? टाका तिच्यात आन् लिंपून टाका. उंदीरबी जाणार नाही."

सरांच्या घरात एक ढोली होती. बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, पुरुषभर उंच, धान साठवायची. नवं धान मळून यायला अजून अवकाश होता. या ढोलीला एक शिस्त होती आणि ती सरांच्या आईची, भागीरथाबाईंची. ढोली भरली की वरचं तोंड घरच्या बाईनं लिंपायचं आणि वेळ आली की घरच्या बाईनंच फोडायचं, पुरुषाच्या हाताला बरकत नाही. भागीरथाबाई गेल्या, शिस्त राहिली.

पालकांची संमती मिळवायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. इतक्या आनंदानं लोकांनी आजवर कुठल्याच सरकारी कागदावर सही केली नसेल. पहिली सही केवलरामची. "घेऊन जा, डाक्टर. पोरगी दिवसभर त्या डब्ब्यात मुंडी घालून बसते. पीडा टळली." दुर्गेश्वरी तिथंच उभी होती. मितभाषी मुलगी, प्रश्नावलीत लिहिलेलंच होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, पाहा बरं. मंग तुमचं कसं होईन?" "माझं काय होते?" म्हणून केवलरामनं तिला गप्प केलं. सरांनीही ते वाक्य कानाआड केलं. संशोधनाचं आहे हे असं, महत्त्वाची नोंद नेहमी वहीबाहेर राहते.

फोनांना अंक घातलेल्या कापडी पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीला सुतळी बांधली. ढोलीत खाली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून पिशव्या आत सोडल्या आणि सगळ्या सुतळ्यांची टोकं ढोलीच्या बुडाशी धान काढायला असतं त्या भोकातून बाहेर घेतली, कुणाचा फोन गेला असा आरोप नको म्हणून. सरांनी सहा नियम लिहून भिंतीला लावले. रश्मीताईंनी तोंड लिंपलं. सरांनी त्याचा फोटो काढला, 'एका शिक्षकाचा निर्धार' अशा मथळ्याखाली फेसबुकवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत त्याला तीनशे बारा लोकांनी पसंती दिली. तीनशे बारा! आठ वर्षांत सरांच्या संशोधनाकडे इतक्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ढोली वाजू लागली. बंद करून द्या म्हटलं होतं, पण निम्म्यांनी ते ऐकलं नव्हतं. पाहुणे चहा घेत असताना ढोलीतून आधी कोंबडा आरवला, मग बाळ रडलं, मग एका बाईनं इंग्रजीत वेळ सांगितली. ओमेशची आई सुशिलाबाई शेजारून धावत आल्या, "रश्मी, कोणी कोंडलं का व आतमंधी?" दोन दिवसांत एकेक बॅटरी उतरत गेली आणि ढोली शांत झाली. सरांनी वहीत लिहिलं, 'दिवस तिसरा. परिस्थिती नियंत्रणात.'

चौथ्या दिवशी सकाळी केवलराम कुंपणावरून नाही, दारातून आला. चेहरा उतरलेला.

"डाक्टर, पोरीचा फोन द्या दोन मिनटं."

"का?"

"धान खरेदी केंद्रावर गेलो होतो. नाव चढवून राहिलो तर तो आपरेटर म्हणते, ओटीपी सांग. म्हटलं कायचा ओटीपी? तर म्हणते तुमच्या फोनवर गेला. माझा फोन कोणता? गेल्या वर्षी पोरीचाच नंबर देल्ता."

सरांनी दिलगिरी व्यक्त केली आणि नकार दिला. प्रयोगाच्या मध्येच ढोली फोडली, तर एकवीस दिवसांचा हिशेब मोडतो आणि आठ वर्षं पाण्यात जातात. "नंबर बदलून घ्या ना," सर म्हणाले. केवलराम गोंदियाला गेला. संध्याकाळी परत आला. "बदलून देतो म्हणते. फक्त जुन्या नंबरवर ओटीपी जाईन, तो सांगा म्हणते." एवढं बोलून तो ओसरीवर बसला. बाहेर त्याच्या अंगणात यंदाचं सारं धान ताडपत्रीखाली पडलं होतं. नाव नोंदवायला उरले होते दहा दिवस.

त्याच्या मागोमाग सुशिलाबाई आल्या. त्यांचा ओमेश आणि ओमेशचा फोन ढोलीत. म्हणजे ओमेश बाहेर, फोन ढोलीत. गॅसवाला गाडी घेऊन दारात उभा. "अम्मा, बिना ओटीपी के सिलेंडर नहीं छोड़ सकता, मेरी नौकरी जाएगी." सिलेंडर आला तसा गेला. "दोन दिवस झाले, चुलीवर सैपाक करून राहिली मी," सुशिलाबाई म्हणाल्या, "आन् तुमी म्हणता पोराले फोनाचं व्यसन. ओमेश तं मजेत झोपून राहते. मलेच चक्कर येऊन राहिली." मग कुणाचं रेशन अडलं, कुणाच्या बँकेनं खातं ओळखायला नकार दिला. सरांच्या हळूहळू लक्षात आलं की आंबेटोल्यात घरटी एकच धड फोन आहे, तो पोरांच्या हातात आहे, आणि सारं सरकार त्यातूनच घरात येतं-जातं.

कळस केशोरावांनी केला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची मुदत जवळ आली होती आणि प्रत्येक अर्जाला विद्यार्थ्याच्या फोनवरचा ओटीपी लागत होता. सरांच्या हाती नोटीस आली. 'आपण विद्यार्थ्यांचे फोन कोणाच्या परवानगीने ताब्यात घेतले, याचा खुलासा तीन प्रतींत सादर करावा.' सरांनी नोटीस वाचली. मान खाली घातली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मान वर केली तर दारावरची काळी पट्टी दिसत होती.

"ढोली फुटणार नाही," सर म्हणाले, "आणि कुणाचं काम अडणारही नाही."

असा ओटीपीचा कारखाना सुरू झाला. वेळ रोज पाच ते सहा. बुडाच्या भोकातून ज्याची त्याची सुतळी ओढायची, फोन बाहेर काढायचा, चार्जिंगला लावायचा, आलेला अंक कागदावर उतरायचा आणि फोन काठीनं परत आत ढकलायचा. विद्यार्थ्यानं फोनला हात लावायचा नाही. नियम सातवा सरांनी नव्यानं लिहिला. 'ढोलीतून निघालेल्या फोनवर फक्त ओटीपी वाचावा. त्यावरून कोणालाही फोन लावू नये.' राहता राहिला प्रश्न अंक पोचवायचा. खरेदी केंद्र दोन किलोमीटरवर, ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं. ज्याचा फोन ढोलीत त्याला फोन लावणार तरी कुठे? आणि केंद्रावरचा आपरेटर आपला नंबर कुणाला देईना. तेव्हा दुर्गेश्वरीनं सायकल काढली. तळहातावर सहा आकडे लिहून ती जी सुटली, ती आठव्या मिनिटाला केंद्रावर.

पहिल्या दिवशी सुतळ्यांचा गुंता झाला. सतरा नंबर ओढला तर एकतीस बाहेर आला. गॅसचा अंक धान केंद्रावर पोचला, धानाचा गॅसवाल्याला मिळाला, आणि दोघांनीही तो तोंडावर परत मारला. तीनदा चुकलं की चोवीस तास बंद, असा त्या पोर्टलांचा खाक्या. केवलराम त्या संध्याकाळी सरांना डाक्टर म्हणाला नाही, आणि सरांना ते जास्त लागलं. पण दुसऱ्या दिवशी पोरांनी आपणहून पाळ्या लावल्या. कुणी खरेदी केंद्राच्या वाटेवर, कुणी कॉलेजच्या, कुणी गॅसच्या गाडीपाशी. तिसऱ्या प्रयत्नाला केवलरामचं नाव चढलं. तो घरी आला आणि ताडपत्रीवर हात फिरवत राहिला. या गडबडीत सरांच्या बटईनं कसायला दिलेल्या शेतातलं धान घरी आलं. ढोली फोनांनी अडवलेली, म्हणून पोती बैठकीत रचली आणि सर त्यावर बसून वही लिहू लागले.

इथवर सरांचा विजयच होता म्हणायचा. पण रश्मीताई दहा दिवस सगळं पाहत होत्या. अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी व्यसनाची प्रश्नावली पुढ्यात घेतली.

"'कामाच्या मध्येच फोन पाहण्याची इच्छा होते.' नेहमी," असं म्हणून त्यांनी खूण केली.

"कोणाची भरतेस?" सरांनी फोनवरून मान न उचलता विचारलं. निर्धाराच्या फोटोला तीनशे एकोणसत्तरावा अंगठा आला होता.

"'आपल्या पोस्टला किती पसंती मिळाली हे वारंवार तपासतो.' नेहमी. सकाळपासून अठ्ठावीस वेळा, मी मोजलं. 'कोणी बोलत असताना फोनकडे लक्ष असते.' नेहमी. 'फोन काढून घेतल्यास चिडचिड होते.' थांबा, हे तपासून पाहते." आणि रश्मीताईंनी सरांच्या हातातून फोन काढून घेतला.

"ए, आण इकडं!" सर इतक्या जोरात ओरडले की पोत्यावरची कोंबडी उडाली.

"नेहमी," म्हणून रश्मीताईंनी खूण केली. बेरीज झाली एक्याण्णव. वर्गाची सरासरी होती एकसष्ट. सगळ्यात वाया गेलेला समजला जाणारा ओमेश, त्याचेही त्र्याऐंशी. चूक असेल म्हणून सरांनी स्वतः पुन्हा भरली, अगदी प्रामाणिकपणे. ब्याण्णव आले.

माणूस खोटा असता तर कागद फाडला असता. सरांना मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटली की सर अधिकच हट्टाला पेटत. त्यांनी बेचाळिसावी पिशवी शिवायला लावली, फोन तिच्यात घातला, स्वतःच्या हातानं भोकातून आत ढकलला आणि वहीत लिहिलं, 'प्रयोगात एका प्रौढ विद्यार्थ्याचा समावेश करण्यात आला आहे.' रश्मीताईंचा स्वतःचा फोन नागपूरला शिकणाऱ्या मुलीकडे गेला होता. म्हणजे त्या घरात आता वाजणारी वस्तू म्हणून फक्त कुकर उरला.

पुढचे दिवस सरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फळ्यावर लिहिताना हात खिशाकडे जाई आणि खडू लागला की परत येई. हजेरीपटावर अंगठा वरून खाली फिरे. निर्धाराच्या फोटोचं काय झालं असेल या विचारानं वर्गात दोनदा एकच धडा शिकवला. दुर्गेश्वरी तास संपल्यावर मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, तिसऱ्या दिवशी लय होते. मंग कमी होऊन जाते. हातात कायतरी धरून ठेवजा." तिनं आपल्या दप्तरातला एक खोडरबर काढून दिला. सरांनी तो घेतला. विद्यार्थिनीकडून उपचार घ्यायची पाळी आली, पण खोडरबरानं बरं वाटलं हेही खरं.

विसाव्या दिवशी दुपारी सर तासावर होते. केशोराव स्वतः दारात आले. हातात नागपूरच्या पत्राची छापील प्रत.

"गजभिये सर, तुमचा अहवाल आज चढवायचा आहे म्हणे. सहाला पोर्टल बंद."

"आज नाही सर, उद्या. उद्या एकतीस."

केशोरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोव्हेंबरला एकतीस?"

पंचवीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसानं मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायचं सोडून सरळ बोटांवर दिवस मोजले होते.

विसाव्या दिवसापर्यंतचा अहवाल तयार होता; शेवटच्या दिवसाचा तक्ता मागाहून जोडता येईल, असं पत्रात होतं. पाच वाजता सर कॉलेजच्या कॉम्प्युटरसमोर बसले. सगळं भरलं, शेवटची कळ दाबली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. 'आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर पाठवलेला ओटीपी टाका.'

नोंदणीकृत मोबाइल ढोलीत होता. पिशवी नंबर बेचाळीस.

केशोराव म्हणाले, "जा ना सर, आणा काढून. तुमचीच ढोली, तुमचाच फोन." आणि एक क्षण सरांच्या मनात आलंही. पण मग ओमेश काय म्हणेल? ज्याचे त्र्याऐंशी आहेत तो वीस दिवस तोंडातून ब्र न काढता राहिला, आणि ज्याचे ब्याण्णव आहेत त्यानं आपली पिशवी फोडायची? "आणायचा नाही," सर म्हणाले. "ही पाच ते सहाचीच वेळ आहे. कुणीतरी घरी सांगा, बेचाळीसची सुतळी ओढा म्हणावं." ओमेश खिडकीतूनच पळाला.

पहिला ओटीपी वाट पाहण्यातच मेला. सरांनी दुसरा मागवला. पाच बत्तीस. पडद्यावर दहा मिनिटं उलटी पळू लागली. केशोरावांनी स्वतःच्या फोनकडे पाहत म्हटलं, "वहिनींनी तुमच्या फोनवरून मला एक फोन लावला असता तरी काम झालं असतं." सर म्हणाले, "लावणार नाही ती. नियम सातवा." आणि त्यांना एकाच वेळी अभिमानही वाटला आणि रडूही आलं. दुसराही गेला. पाच त्रेचाळीस. तिसरा मागवला. यापुढे चोवीस तास बंद, आणि चोवीस तासांनी रजिस्ट्रेशन नसणार. सरांच्या हातातला खोडरबर चुरून त्याचे तुकडे झाले.

पाच बावन्नला सायकल पायरीला आदळली. दुर्गेश्वरी आत आली, तळहात पुढे केला. घामानं शेवटचा आकडा पुसला होता. तीन की आठ?

"आठ," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणतच आली मी रस्त्यानं."

"नक्की?" केशोरावांनी विचारलं. एवढ्यात मागून केवलराम आला, आपली जुनी सायकल अंगणातच टाकून. हातात धानाच्या पोत्याला लावतात ती चिठ्ठी, तिच्यावर तेच सहा आकडे. "पोर एकटी निघाली, म्हटलं विसरली तर? शेवटी आठ हाय." आणि त्याच्या मागे ओमेश, तोही सहा आकडे पाठ करत, आणि वाटेवर अजून दोन सायकली. सबंध आंबेटोला एक आकडा तोंडात धरून पळत सुटला होता. सुतळ्या पुन्हा गुंतल्या होत्या, पहिले दोन अंक त्यातच गेले. तिसऱ्या वेळी सुशिलाबाईंनी विळीनं सगळा गुंता कापून टाकला, असं मागाहून कळलं.

सरांनी आठ दाबला. चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग हिरवी खूण आली, 'अहवाल स्वीकारला.' सरांनी दुर्गेश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला. केशोराव तेवढ्यात म्हणाले, "त्या नोटिशीचा खुलासा राहू द्या. एकाच प्रतीत दिला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रश्मीताईंनी ढोली फोडली. पोरं आपापल्या पिशव्या घेऊन गेली, काही धावत, काही नुसती. प्रश्नावल्यांच्या आकड्यांत सरासरी फार हलली नव्हती, पण तो भाग प्रबंधात येईलच. सरांनी कपाटातला आपला जुना कागद काढला आणि 'तडीस नेतो' या ओळीपुढची खूण खोडून 'बहुतेक वेळा' वर केली. नेहमी म्हणण्याइतका त्यांचा अजून स्वतःवर भरवसा नव्हता.

शेवटची पिशवी उरली. रश्मीताईंनी फोन पुढे केला. सरांनी हातात घेतला, पडदा उजळला, खुणांची रांग लागली. अंगठा आपसूक फेसबुकच्या निळ्या चौकोनाकडे गेला आणि तिथंच, एक इंचावर, थांबला. "ठेव," ते म्हणाले. "रोज पाच ते सहा दे. आपलाही कारखाना तेवढाच."

मग ते बाहेर आले. आदल्या दिवशी गुंता कापायच्या घाईत सुशिलाबाईंना पिशव्या बांधायला काहीतरी हवं होतं, आणि त्यांनी पाटीवरची काळी पट्टीच ओरबाडून नेली होती, हे सरांना आत्ता दिसलं. पितळेवर 'डॉ.' लख्ख उघडा पडला होता. आठ वर्षं झाकलेला, त्यामुळे बाकी नावापेक्षा नवा. सरांनी पाहिलं. कुणी बघत नव्हतं. अहवाल चढला होता, आज ना उद्या ते डॉक्टर होणारच होते. तसाच राहू दिला असता तर कोण विचारणार होतं?

सर आत गेले, वायरच्या डब्यातून पट्टीचं बंडल घेऊन आले आणि स्टुलावर चढले. पट्टी एका हातानं नीट बसेना. कुंपणापलीकडून केवलरामनं पाहिलं. सरांनी मनाची तयारी केली, आता येईल तो शब्द.

केवलराम जवळ आला, वर हात करून त्यानं पट्टीचं एक टोक धरलं.

"लय घट्ट नोका चिपकवू, सर," तो म्हणाला. "काढाचीच तर हाय."